आधी कढई, मग माओ

तुझ्या चीनवरच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचलं. भाषा छान आहे, पण चार पानं नुसता माओ आणि पक्षच. तुझी बाई कुठाय? १९५८ साल घेतलंयस ना, मग तिच्या चुलीपासून सुरू कर. त्या वर्षी गावोगावी सामुदायिक खानावळी निघाल्या आणि कितीतरी घरांतल्या लोखंडी कढया पोलादासाठी भट्टीत गेल्या. कढई देऊन टाकण्याआधी ती तिचं बूड एकदा घासून लख्ख करते, एवढं दाखवलंस तरी 'मोठी झेप' ही माओची झटपट उत्पादनवाढीची मोहीम वेगळी समजावायला नको.

सासूचं वय मोज. साठीची असेल तर पाय बहुधा लहानपणीच घट्ट बांधून छोटे ठेवलेले असणार. पाय बांधण्यावरची १९१२ची बंदी खेड्यात लगेच कुठली पोचायला! मग ती शेतात धावत कशी जाईल? टाचांवर तोल सावरत जाईल.

हो, आणि लग्नानंतर सुनेचं आडनाव बदललंयस, ते काढ. तिकडे बायका माहेरचंच लावतात, शिवाय ते नावाच्या आधी येतं.

१९५०च्या विवाह कायद्याने घटस्फोटाचा हक्क दिला खरा, पण तो मागायला गेलेल्या बाईला गावातले कार्यकर्तेच अनेकदा समजूत घालून परत पाठवत. हा प्रसंग आधी लिही, मग पाठव.