मॉन्ड्रियानची प्रिंट घ्यायचीय, काय बघून घेऊ?

प्रश्न : ताई, ठाण्यात नवीन फ्लॅट घेतलाय आणि हॉलच्या पांढऱ्या भिंतीवर डच चित्रकार मॉन्ड्रियानचं ते लाल मोठा चौकोन, खाली निळा-पिवळा असलेलं चित्र लावायचं फार मनात आहे. ऑनलाइन तीच प्रिंट ६०० रुपयांनाही दिसते आणि ९,००० लाही, दोन्हीकडे 'म्युझियम क्वालिटी' लिहिलेलं. फरक कशात असतो? इंटिरियरवाला म्हणतो १८ बाय २४ इंचाची फ्रेम घ्या, सोफ्यावर छान बसेल. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी त्या १८ बाय २४ बद्दल बोलू, कारण पैशांपेक्षा खरा घोळ तिथे होतो. तुम्ही म्हणताय ते चित्र १९३० सालचं, झुरिकच्या कुन्स्टहाउस म्युझियममध्ये आहे, आणि ते चौरस आहे, साधारण ४६ बाय ४६ सेंटीमीटर. ते १८ बाय २४ मध्ये घालायचं म्हणजे एकतर कडेने कापायचं नाहीतर ताणायचं, आणि दुकानदार हे सर्रास करतात, विचारतही नाहीत. निसर्गचित्रात कडेचं झाड थोडं कापलं गेलं तर चालून जातं हो, पण इथे मापं हेच चित्र आहे, लाल किती, पांढरं किती, रेघ कुठे थांबते, हे सगळं मॉन्ड्रियानने तोलून तोलून ठरवलेलं असतं. काळ्या रेघाही सगळ्या एका जाडीच्या नाहीत, नीट बघा. त्यामुळे ऑर्डर करायच्या आधी मूळ चित्राची लांबी-रुंदी म्युझियमच्या साइटवर बघायची, भागाकार करायचा आणि प्रिंटचं प्रमाण तेच येतंय का ते तपासायचं. नाही आलं तर ६०० चं काय नि ९,००० चं काय, घेऊ नका.

आणि एक आनंदाची गोष्ट सांगते, ४६ सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ १८ इंच, म्हणजे हे चित्र तुम्ही मूळ आकारातच घरात लावू शकता. असं भाग्य सगळ्या चित्रांचं नसतं, त्याचं 'ब्रॉडवे बूगी वूगी' १२७ सेंटीमीटरचं आहे, ते एक फुटाच्या फ्रेममध्ये नुसती ठिपक्यांची नक्षी वाटतं.

आता क्वालिटी. 'म्युझियम क्वालिटी' हे कोणी तपासून दिलेलं सर्टिफिकेट नसतं, कोणीही लिहू शकतो, म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारायच्या. शाई पिगमेंट (बारीक रंगकणांची) आहे की डाय (विरघळलेल्या रंगाची), कारण डायची शाई उजेडात लवकर उडते. कागद १०० टक्के कॉटनचा आणि अ‍ॅसिड-फ्री आहे का, चांगला कागद ३०० जीएसएमच्या (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम) आसपास असतो, हातात घेतला की जाडी कळते. आणि कागदात पांढरेपणासाठी ब्राइटनर घातलंय का. हे ब्राइटनर कालांतराने निकामी होतं आणि कागद पिवळट दिसायला लागतो, आणि ज्या चित्रात अर्ध्याहून जास्त पांढरं आहे तिथे ते पहिल्यांदा डोळ्यात येणार. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च असतो ना, तो कागदावर मारा, झगझगीत निळं चमकलं तर ब्राइटनर आहे.

फाइल कुठली वापरली तेही विचारा. १८ इंचाला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) म्हणजे ५,४०० पिक्सेल लागतात, नेटवरून उचललेला छोटा फोटो मोठा केला की काळ्या रेघेची कड पिसारते. पूर्ण प्रिंटच्या आधी लाल आणि काळ्याची छोटी टेस्ट स्ट्रिप मागा, लाल नारिंगीकडे झुकला असेल तर परत करायला लावा. चांगला प्रिंटवाला याला नाही म्हणत नाही.

फ्रेम साधी घ्या. मॉन्ड्रियान स्वतः चित्र फ्रेमच्या आत न दाबता पुढे आणून लावायचा, त्यामुळे सोनेरी नक्षीची पट्टी इथे अगदी नको. सोफ्यावरची जागा रिकामी वाटली तर वाटू द्या, त्या चित्राला मोकळी भिंत लागतेच.

प्रश्न : माझं माहेर नागपूरचं, चित्रकार रझांचा 'बिंदू' घरात हवाच आहे. नेटवरचा फोटो डाउनलोड करून जवळच्या डिजिटल प्रिंटवाल्याकडून काढून घेतला तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नको. सय्यद हैदर रझा २०१६ मध्ये गेले आणि आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे २०७६ संपेपर्यंत. मॉन्ड्रियान १९४४ मध्ये गेला, त्याची चित्रं भारतात २००५ पासून मोकळी आहेत, रझांची नाहीत. पण तुमच्यासाठी याहून चांगला रस्ता आहे, रझांच्या चित्रांची सेरिग्राफ निघालेली आहेत, म्हणजे स्क्रीन प्रिंट, त्यात एकेक रंग वेगळा दाबून छापतात म्हणून तो काळा बिंदू भरीव, दाट येतो, इंकजेटला ते इतकं साधत नाही. खाली पेन्सिलने सही आणि १४/१०० असा, म्हणजे शंभर प्रतींतली चौदावी, आकडा असतो. महाग आहेत, पण सहा महिने थांबून एकच घ्या. रझा नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि मग जेजेला आले, तेव्हा तुमचा ओढा मला अगदी समजतो.

प्रश्न : अलिबागला घर आहे, पावसाळ्यात फ्रेममधल्या प्रिंटला लाटा येतात, गेल्या वर्षी बुरशीचे डाग पण पडले. लॅमिनेट करू का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : लॅमिनेशन करू नका, ते परत काढता येत नाही आणि चकाकीमुळे समोरून चित्रापेक्षा खिडकीच जास्त दिसते. लाटा येतात कारण कागद चारही बाजूंनी चिकटवलेला असतो, दमट हवेत तो फुगतो आणि त्याला जायला जागा नसते. फ्रेमवाल्याला सांगा, वरच्या कडेला फक्त दोन हिंजेस (कागद टांगायच्या छोट्या पट्ट्या) लाव, बाकी मोकळा सोड. काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) किंवा स्पेसर (अंतर ठेवणारी पट्टी) हवाच. मागे साधा एमडीएफ नको, अ‍ॅसिड-फ्री बोर्ड लावा, आणि फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून रबराच्या गुंड्या लावा म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळेल. बाहेरच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर तर लावूच नका, आतली भिंत निवडा. डाग पडलेली प्रिंट बाकीच्यांपासून आधी वेगळी ठेवा.