आठ तासांच्या लाईटीत जास्त पाणी कसं बसवायचं?

राम राम मंडळी.

या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांत रोग-किडीपेक्षा लाईटीचेच प्रश्न जास्त निघाले. मी कृषी खात्याचा माणूस, वायरमन नव्हे. पण पाणी वेळेवर बसलं नाही तर माझा खताचा सल्ला कागदावरच राहतो. म्हणून यावेळी लाईटीवरच लिहितो.

प्रश्न (कोरेगाव तालुका, आले उत्पादक): कोयना आपल्या जिल्ह्यात. वीज सगळ्या महाराष्ट्राला. मग आमच्याच रानात आठ तासच लाईट का?

हा प्रश्न मला प्रत्येक शेतकरी मेळाव्यात कुणी ना कुणी विचारतंच, आणि विचारणाऱ्याचा राग मला कळतो. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे, पण तेवढी वीज दिवसरात्र करायची म्हटली तर पाणी पुरणार नाही. धरणात मावतं १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, आणि वीज करण्यासाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्याला, राज्यांत नदीचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली होती. शिवाय कोळशाचा संच थंड असला तर तापायला कित्येक तास घेतो; पाण्याचा संच काही मिनिटांत जोर धरतो. म्हणून कोयनेचं पाणी मुख्यतः अडीनडीच्या वेळेसाठी राखून ठेवतात. संध्याकाळी घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर एकदम चालू होतात आणि त्याच वेळी सौर वीज मावळते, तेव्हा कोयना कामाला येते. देशाची वीज-मागणी ३० मे २०२४ रोजी २५० गिगावॅटवर गेली होती. एवढा गाडा ५० हर्ट्झच्या, म्हणजे विजेच्या लहरींच्या ठरलेल्या वेगाच्या, आसपास चालता ठेवायचा तर झटकन कमी-जास्त होणारी वीज हाताशी लागतेच.

यात आपल्या भागाची एक गंमतही आहे. कोयनेचं पाणी पश्चिमेला कोकणात सोडलं तर वीज मिळते. पूर्वेला नदीत सोडलं तर पायथ्याच्या ४० मेगावॅटच्या वीजगृहात थोडीफार मिळते, आणि पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पंपांनी तेच पाणी उचलायला वीज लागते. या उपसा योजनांच्या वीजबिलात ८१ टक्के वाटा सरकारचा आणि १९ टक्के शेतकऱ्यांचा ठरला, तो याच खर्चामुळे.

आता मुद्द्याचं. तुमच्या विहिरीवर लाईट किती आणि कशी येते, ते कोयना ठरवत नाही. ते ठरतं गावच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रावर, ११ केव्हीच्या लाईनवर आणि शेवटी तुमच्या डीपीवर (शेताजवळच्या ट्रान्सफॉर्मरवर). यातली पहिली दोन आपल्या हातात नाहीत. डीपी बऱ्यापैकी आहे.

प्रश्न (तासगाव तालुका, द्राक्ष बागायतदार): ऑक्टोबर छाटणीनंतर ऐन गरजेला आमची डीपी दोनदा जळाली. दर वर्षी हेच. आमची काय चूक?

चूक तुमची एकट्याची नाही, पण सगळ्यांची मिळून आहे. हिशेब करून बघू.

१०० केव्हीए क्षमतेच्या डीपीतून प्रत्येक फेजला साधारण १३३ अँपिअर मिळतात. ५ एचपीची मोटार, जादा करंट कमी करणारा कपॅसिटर नसताना, साडेसात अँपिअरच्या आसपास ओढते. म्हणजे सतराएक मोटारी झाल्या की डीपी भरली. ६३ केव्हीएची असेल तर अकरा. आता तुमच्या डीपीवरच्या मोटारी मोजा, आणि कागदावर ५ एचपी लिहून विहिरीवर साडेसात बसवलेल्या किती, तेही मनातल्या मनात मोजा. मला सांगू नका. डीपीवर वीस टक्के जादा भार पडला तर वाइंडिंगची उष्णता वीस नव्हे, चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते. ऑक्टोबर हीटमध्ये तेल आधीच तापलेलं असतं.

त्यात ऑटोस्विच. लाईट येते आणि त्याच क्षणी सगळ्या मोटारी एकदम उठतात. थेट सुरू होणारी मोटार पहिल्या काही सेकंदांत नेहमीच्या सहापट करंट ओढते. व्होल्टेज बसतं, मोटारी फिरता फिरेनात, आणखी करंट ओढतात, मग फ्यूज किंवा डीपी जाते. रात्री दोनला उठून विहिरीवर जायचं कुणाच्या जिवावर येत नाही? ऑटोस्विच लावण्यामागचं कारण मला मान्य आहे. पण काढायचाच नसेल तर निदान वेळ मागे-पुढे ठेवणारा टायमर लावा आणि डीपीवरच्या सगळ्यांनी क्रम ठरवून घ्या: पहिली मोटार लगेच, दुसरी दोन मिनिटांनी, तिसरी चार मिनिटांनी. सतरा मोटारींना अर्धा तास जातो. डीपी जळाली तर दुसरी येईपर्यंत किती दिवस गेले, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मिरज तालुक्यातल्या एका डीपीवर असा क्रम लावायला मी बसलो होतो. पहिली सभा ‘आधी माझी’ यावरच मोडली. दुसऱ्या सभेत चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा जमलं.

फ्यूज गेला म्हणून तांब्याची जाड तार गुंडाळू नका. तार वाचते, डीपी जळते. आणि डीपीला हात लावणं हे आपलं काम नाही, कितीही जमत असलं तरी. १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवा.

प्रश्न (वाळवा तालुका, ऊस): साडेसात एचपीपर्यंत बिल शून्य झालं. मग कपॅसिटरवर आणि नव्या पाइपवर पैसे का घालू?

सर्वांत चांगला प्रश्न हाच आला. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंतची आहे. बिल नाही हे खरं. पण तुमच्याकडे कमतरता आहे ती तासांची. आठ तासांत पाणी किती निघालं, एवढंच मोजा.

एकरभर रानात एक इंच पाणी म्हणजे एक लाख लिटरहून थोडं जास्त. उसाला सरीतून एक पाळी तीन इंचांची धरली तर तीन लाखांच्या वर. विहिरीच्या पाण्यापासून रानातल्या तोंडापर्यंत पाइपच्या घर्षणासह एकूण उंची ३० मीटर धरू. ५ एचपीचा चांगला पंप तिथे तासाला बावीस हजार लिटर टाकतो. म्हणजे चौदा तास, दोन रात्रींच्या लाईटीत एक एकर. तोच पंप दोनदा रिवाइंड केलेला, फुटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या टोकाची झडप) गाळाने भरलेला आणि पाइप अरुंद असेल तर तासाला चौदा हजारांवर येतो. मग त्याच एकराला बावीस तास, म्हणजे तिसरी रात्र. ही तिसरी रात्र तुम्ही मोजत नाही, कारण ती बिलावर दिसत नाही.

तुमचा पंप यातला कोणता, ते दोनशे लिटरच्या बॅरलने कळतं. पाइपच्या तोंडाशी बॅरल धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. तेहेतीस-पस्तीस सेकंदांत भरलं तर ठीक. पन्नासच्या पुढे गेलं तर आधी फुटव्हॉल्व्ह साफ करा, मग पाइप बघा. अडीच इंचीऐवजी तीन इंची पाइप टाकला तर तेवढ्याच पाण्याचं घर्षण निम्म्याहून खाली येतं. मोटार बदलायचा विचार सगळ्यात शेवटी.

कपॅसिटर (आपल्याकडे कंडेन्सर म्हणतात) ३ एचपीला १ केव्हीएआर (कपॅसिटरचं माप), ५ ला २, साडेसातला ३. बसवला की साडेसात अँपिअरचे साडेसहाच्या खाली येतात. एकट्याने बसवून फार फरक नाही. सतरा जणांनी बसवला तर त्याच डीपीवर वीसेक अँपिअर मोकळे होतात आणि व्होल्टेज सुधारतं. बिल शून्य असूनही पैसे घालायचे ते यासाठी.

आणि खोडव्याचं पाचट जाळू नका, सरीत पसरा. ओल टिकते, पाळी लांबते. लाईटीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय वीज दुकानात मिळत नाही.

प्रश्न (जत तालुका, डाळिंब): सौर पंप घ्यावा का?

विजेचं कनेक्शन नसेल तर घ्या. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत स्वतःचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. एक लक्षात ठेवा: सौर पंपाचं खरं पाणी अकरा ते तीनमध्ये. सकाळी आणि ढगाळ दिवशी ते निम्म्यावर येतं. म्हणून जतसारख्या ठिकाणी शेततळं भरून ठेवा आणि तिथून ठिबक चालवा, थेट बोअरवर विसंबू नका. पॅनेलवरची धूळ पहाटे धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

प्रश्न (सातारा तालुका, एक ताई): घरचं बिल कमी कसं होईल?

ताई, स्मार्ट मीटर असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला घरगुती ग्राहकांना दरात सवलत आहे, जुलै २०२५ पासून. कपड्यांचं मशीन, घरगुती चक्की, टाकी भरायची मोटार दुपारी चालवा.

पुढच्या पंधरवड्यात आल्याची कंदकूज. प्रश्न पाठवताना जमीन, लागणीची तारीख आणि पाणी किती दिवसांनी देता ते लिहा. पंपाचा प्रश्न असेल तर बॅरल किती सेकंदांत भरलं, तेही.