अंधारे फोटो आणि दीड लाखाचा कॅमेरा

"माझी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभरापासून मानेवाड्यातल्या एका फोटोग्राफरसोबत लग्नाच्या ऑर्डरवर जाते. मागच्या महिन्यात माझ्या दिरांच्या मुलीचं लग्न समाजभवनात झालं, फोटो हिनेच काढले. फ्लॅश जवळपास वापरलाच नाही. निम्मे फोटो अंधारे आले, दीर अजून नाराज आहेत. ती म्हणते, ही माझी स्टाइल आहे. आता कॉलेज सोडून हेच करायचं म्हणते आणि दीड लाखाचा कॅमेरा मागते. तिचे बाबा ऐकायला तयार नाहीत. यात खरंच करिअर आहे का? तिचे तीन फोटो सोबत पाठवते आहे."
– एक आई, सक्करदरा, नागपूर

ताई, नमस्कार.

तिसऱ्या फोटोपासून सुरुवात करते. नवरीची आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी आहे. मागून भट्टीचा लालसर उजेड, समोरून ट्यूबलाइट जेमतेम. हातात आहेराच्या साड्यांची पिशवी, एक चप्पल पायातून निम्मी निसटलेली. अर्धा चेहरा अंधारात आहे, तरी बाई दिवसभराची दमलेली आहे हे लगेच कळतं. समोरून फ्लॅश मारला असता तर मागचे सिलिंडर, पाण्याच्या कॅन आणि भिंतीवरचं 'येथे थुंकू नये' हे सगळं तितक्याच ठळकपणे आलं असतं. तिने उजेड कुठून येतोय ते हेरलं आणि त्या जागी थांबून राहिली. ही नजर बऱ्याच जणांना पाच-सहा सीझन घासल्यावर येते.

आता पहिला फोटो. अंतरपाट नुकताच खाली आलाय, आणि नवरदेवाचा कान स्वच्छ, नाक धूसर. चेहऱ्यावर फिकट आडवे पट्टे. दुसऱ्यात हार घालताना नवरीचे हात फरफटलेत. याला स्टाइल म्हणता येणार नाही. तिला एवढंच विचारा: या फोटोत अंधार तू ठेवलास, की राहून गेला? तिसऱ्या फोटोबद्दल ती पटकन उत्तर देईल. पहिल्या दोघांबद्दल अडखळली तर पुढचं वर्ष कशात घालवायचं ते तिचं तिलाच कळेल.

कारणं तिला वाचून दाखवा, तिला लगेच समजतील. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साध्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. शटर, म्हणजे फोटो टिपायला उघडणारा पडदा, त्याहून वेगवान ठेवलं की पट्टे येतात. समाजभवनात सेकंदाच्या 1/100 वर राहायचं, आणि हार गळ्यात पडून हात क्षणभर थबकतात तेव्हा बटण दाबायचं. कॅमेऱ्यासोबत येणारी झूम लेन्स पुढे ओढली की एफ 5.6 वर जाते; एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी. एफ 1.8 ची साधी 50 एमएम लेन्स तिच्यापेक्षा नऊ-दहा पट उजेड आत घेते. पण 1.8 वर जवळून काढलं की कानावर फोकस गेला तर नाक जातं. म्हणून दोघं एका फोटोत हवे असतील तर 2.8 वर यायचं आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवायचा. फोटोत थोडे दाणे आले तर येऊ देत. दाणे दिसतात म्हणून कुणी अल्बम परत करत नाही, अंतरपाटाचा क्षण हुकला तर मात्र करतात.

फ्लॅशशी तिचं वैर कशासाठी, हे मला कळलं नाही. फ्लॅश चेहऱ्यावर रोखला तर वाईट. त्याचं डोकं वळवून चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा छतावर मारला तर उजेड मऊ होऊन परत येतो, आणि आपल्या जुन्या समाजभवनांची छतं ठेंगणी आणि पांढरी असल्याने तिथे हे उत्तम जमतं. लॉनवर छतच नसतं, तिथे नाही जमत. लाल-गुलाबी कापडाच्या मांडवात तर चेहरे कापडाच्या रंगाचे होतात. उन्हाळ्यात अंगणात हिरवी जाळी लावून हळद करतात ना, तिथे सगळं वऱ्हाड आजारी दिसतं! अशा वेळी हळदीचा पाट जाळीच्या कडेला, मोकळ्या सावलीत सरकवा म्हणून यजमानांना गोड बोलून पटवावं लागतं. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढलेला फोटो नंतर बराच सुधारता येतो, पण हिरवी हळद पूर्ण पिवळी करणं जिकिरीचं.

व्हिडीओवाल्याच्या डोक्यावरचा फोकसचा दिवा सगळ्या फोटोग्राफरांना नकोसा होतो. तिने त्याच्याशी दोस्ती करावी. तो डावीकडे असेल तर हिने उजवीकडे जायचं. तोच फोकस मग बाजूचा उजेड होतो, फुकटात. डीजेच्या लेझरसमोर मात्र कॅमेरा धरायचा नाही, सेन्सर जळू शकतो. आणि गोरज मुहूर्ताचं लग्न म्हणजे पर्वणी. मे महिन्यात नागपुरात पावणेसातच्या आसपास सूर्य मावळतो. त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत आकाश निळं आणि मांडवातले दिवे पिवळे, दोन्ही एका फोटोत मिळतात. त्या वेळी नेमकं मामा लोकांना ग्रुप फोटो हवा असतो.

करिअर आहे का? आहे. पण एवढ्यावर कॉलेज सोडायचं कारण नाही. हा धंदा मोसमी आहे. तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत धावपळ, मग चातुर्मासात शुकशुकाट. त्या महिन्यांत अल्बम डिझाइन, एडिटिंग, दुकानदारांच्या मालाचे फोटो यावर घर चालतं. तिचं बी.कॉम. इथे कामाला येईल. कोटेशन, आगाऊ रक्कम, उधारी, उलाढाल 20 लाखांवर गेली तर जीएसटी, हे न जमल्यामुळे हात आखडलेले कलाकार मी याच शहरात पाहते. पुढे शिक्षण हवंच वाटलं तर आयटीआयमध्ये डिजिटल फोटोग्राफर हा एक वर्षाचा ट्रेड आहे, जवळ कुठे चालतो ते विचारा. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेचे अल्पमुदतीचे वर्गही निघत असतात. पदवीआधी यातलं काहीच घाईचं नाही.

दीड लाखाचा कॅमेरा आत्ता नको. तिच्या बाबांचं एवढं बरोबर आहे. पण 'काहीच नको' हे चूक आहे. आहे त्या कॅमेऱ्याला 50 एमएमची लेन्स घेऊन द्या, कंपनीनुसार दहा ते वीस हजारांत बसते, आणि डोकं फिरणारा एक फ्लॅश. मोठा कॅमेरा लागेल त्या दिवशी भाड्याने मिळतो. दोन सीझननंतर स्वतःच्या ऑर्डर येऊ लागल्या की मुद्रा योजनेचा विचार करता येईल, त्यातलं शिशु कर्ज 50 हजारांपर्यंतचं आहे. तोवर मानेवाड्याच्या दादांकडे दुसरी फोटोग्राफर म्हणून जाऊ दे. अंतरपाट, हार, सप्तपदी, बिदाई यांची जबाबदारी दादांची असते, त्यामुळे हिला दाराशी थांबून तिसऱ्यासारखे फोटो शोधायला मोकळीक राहते. स्वतःच्या ऑर्डरवर आधी ठरलेले फोटो हातात आले पाहिजेत, नजर त्यानंतर.

तुम्ही लिहिलं नाही, पण मनात असेलच: रात्री बारा-एकला घरी येणं. कामाआधीच ठरवून घ्या की घरापर्यंत कोण सोडणार, कुठल्या गाडीने, आणि हॉलचा पत्ता तुमच्याकडे असेल. हे विचारायला संकोच नको. एक फायदाही आहे. नवरीच्या खोलीत मुलगी फोटोग्राफर असली की घरच्या बायका मोकळ्या वागतात, आणि हे काम मागून घेणारे लोक वाढताहेत.

एक कायद्याची गोष्ट तिला सांगा, अनेक जुन्या फोटोग्राफरांनाही माहीत नसते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन काढलेल्या फोटोची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याकडे जाते. म्हणून इन्स्टाग्रामवर टाकायची परवानगी ऑर्डरच्या कागदावरच लिहून घ्यावी. त्याच कागदावर किती फोटो, किती दिवसांत, आगाऊ किती, हेही.

दिरांचं काय, तर तिने रॉमध्ये काढले असतील तर अंधारे फोटो बरेच उजळता येतील. जेपीईजी, म्हणजे नेहमीच्या तयार फाइल, असतील तर थोडेच. जोडप्याचे, आजी-आजोबांचे, दिरांचे स्वतःचे असे वीस-पंचवीस निवडून उजळून, छापून घेऊन तिने स्वतः त्यांच्या घरी जावं. पट्टे आलेले वगळायचे. आणि दाराशी उभ्या जाऊबाईंचा तो फोटो मोठ्या आकारात छापून त्यांच्याच हातात द्यावा, मात्र तो अजिबात उजळायचा नाही.