रक्तातील विकरे, प्रथिने आणि चिवट संसर्ग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईचे क्षयरोगाचे उपचार सुरू होऊन महिना झाला. एसजीपीटी ९६ आला आहे. प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४० आहे. गोळ्या थांबवाव्यात का?

उत्तर : स्वतःच्या मनाने मुळीच नाही. सुरुवातीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला इजा करू शकतात, आणि पेशी दुखावल्या की त्यांतले एसजीपीटी हे विकर (एन्झाइम) रक्तात उतरते. मात्र अशी किरकोळ वाढ पुष्कळ रुग्णांत होते आणि गोळ्या चालू असतानाच ओसरते. मळमळ, उलट्या, अन्नावरची वासना उडणे अशी लक्षणे असताना मर्यादेच्या तिपटीवर, म्हणजे या अहवालात १२० च्या वर, किंवा लक्षणे नसताना पाचपटीवर, म्हणजे २०० च्या वर आकडा गेला, तर डॉक्टर ही औषधे थांबवतात आणि तो उतरल्यावर एकेक करून पुन्हा सुरू करतात. डोळे पिवळे दिसले, तर मात्र पुढच्या अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. घरात एखादा काढा चालू असेल तर तोही सांगावा. रुग्ण दारूचे एक वेळ कबूल करतात, काढ्याचे नाही.

प्रश्न : वडिलांनाही क्षयरोग आहे. एकूण प्रथिने ७.३ म्हणजे योग्य आहेत, पण अल्ब्युमिन २.९ आहे. प्रोटीन पावडर द्यावी का?

उत्तर : बेरीज येथे फसवते. रक्तातील प्रथिनांचे अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन असे दोन मुख्य गट असतात. ७.३ मधून २.९ वजा केल्यास ग्लोब्युलिन ४.४ उरते, म्हणजे अल्ब्युमिन जास्त व ग्लोब्युलिन कमी हे नेहमीचे प्रमाण उलटले आहे. संसर्ग रेंगाळला की शरीर प्रतिपिंडे (अँटिबॉडी) अधिक बनवते; ती ग्लोब्युलिनमध्येच मोडतात, त्यामुळे ग्लोब्युलिन चढते. त्याच संसर्गाने होणाऱ्या दाहामुळे यकृत अल्ब्युमिनची निर्मिती आवरते. म्हणून कमी अल्ब्युमिन ही केवळ उपासमारीची खूण नव्हे, आणि दाह शमेपर्यंत नुसत्या पावडरीने ते फारसे वाढत नाही. डाळी, अंडी, दूध, शेंगदाणे हे सारे द्यावेच, कारण वजन भरून येण्यासाठी ते हवे आहे. अल्ब्युमिनचे अर्धायुष्य (रक्तातले निम्मे नाहीसे व्हायला लागणारा काळ) सुमारे २० दिवसांचे असल्याने आठवड्याला तपासणी करणे हा निव्वळ खर्च आहे. लघवीतून प्रथिने जात नाहीत ना, एवढे मात्र एकदा पाहावे.

प्रश्न : मला हिपॅटायटिस बी आहे, पण एसजीपीटी सामान्य आहे. विषाणू गेला का?

उत्तर : तसे म्हणता येत नाही. पेशींची मोडतोड थांबलेली असली तरी विषाणू यकृतात टिकून राहू शकतो. विषाणूच्या डीएनएचे प्रमाण आणि यकृताची सोनोग्राफी डॉक्टर सांगतील त्या अंतराने करत राहावी.

प्रश्न : रक्तातील एडीए वाढले म्हणजे क्षयरोगच ना?

उत्तर : नाही. छातीत साठलेल्या पाण्यात हे विकर लिटरला ४० युनिटांहून अधिक आढळले, तर क्षयरोगाच्या शंकेला बळ मिळते. तरी पू झाल्यास वा काही कर्करोगांतही ते वाढते. रक्तातील आकडा तर इतक्या आजारांत चढतो की केवळ त्यावर सहा महिन्यांचे उपचार सुरू करू नयेत. आधी थुंकीची तपासणी करून घ्यावी.