स्तनाच्या कर्करोगावरील प्रयोगासाठी रक्तवाहिनीच्या अस्तरपेशी स्तनातल्याच घ्याव्यात का?

नाळेच्या शिरेतील अस्तरपेशी सहज मिळत असताना स्तनातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी वापरण्याची खरोखर गरज आहे का, असे आपण विचारले आहे. गाठीभोवती नव्या रक्तवाहिन्या कशा फुटतात किंवा कर्करोगपेशी वाहिनीची भिंत कशी ओलांडतात, हे तपासायचे असेल तर माझ्या मते गरज आहे; एखाद्या रसायनाची केवळ प्राथमिक चाचणी करायची असेल तर नाळेच्या पेशी पुरेशा आहेत.

संशोधक जाफे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये नाळेच्या शिरेतील पेशी वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढे त्याच पेशी या क्षेत्राचा आधार बनल्या. परंतु ती गर्भाशी निगडित असलेली मोठी शीर आहे, तर गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या प्रौढ स्तनाच्या केशवाहिन्यांतून व लहान शिरांतून फुटतात. प्रत्येक अवयवातील अस्तरपेशींचे वर्तन वेगळे असते, त्यामुळे एकीचे उत्तर दुसरीला लावताना जपून राहावे लागते.

या पेशी बहुधा स्तनाचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीतून, दात्रीच्या संमतीने, मिळवतात. ऊती कोलॅजनेज या तंतू तोडणाऱ्या विकराने विरघळवून, अस्तरपेशींच्या पृष्ठभागावरील सीडी31 हे प्रथिन ओळखणाऱ्या प्रतिपिंडांचे चुंबकीय मणी वापरून पेशी वेगळ्या करतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, कारण मिश्रणात राहिलेले मूठभर फायब्रोब्लास्टही (संयोजी ऊतीतील पेशी) झपाट्याने वाढून फ्लास्क व्यापतात. सुरुवातीला मी केवळ आकारावर विसंबून राहिले आणि कित्येक आठवड्यांचे काम टाकून द्यावे लागले. फरसबंदीसारखा एकसलग थर दिसला तरी सीडी31 आणि व्हॉन विलेब्रँड घटक (अस्तरपेशींत तयार होणारे, रक्त गोठण्यास मदत करणारे प्रथिन) यांची तपासणी केल्याशिवाय पेशींवर विश्वास ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

वाढीसाठी जिलेटिन किंवा फायब्रोनेक्टिनचा लेप, व्हीईजीएफसारखे (रक्तवाहिन्यांची वाढ घडवणारे प्रथिन) वृद्धिघटक असलेले माध्यम, 37 अंश सेल्सिअस तापमान आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. या पेशी अमर नाहीत. पुन्हापुन्हा विभागल्यास त्या थकतात आणि त्यांची ओळख पटवणारी प्रथिनेही कमी होत जातात, म्हणून मुख्य प्रयोग सुरुवातीच्या पॅसेजमध्येच (पेशी नव्या भांड्यात हलवून वाढवण्याच्या फेऱ्यांत) उरकावेत आणि उरलेल्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवाव्यात. एकाच दात्रीच्या पेशींवरून निष्कर्ष काढणेही धोक्याचे आहे, कारण वय आणि संप्रेरकांची स्थिती यांनुसार प्रतिसाद बदलू शकतो. निदान तीन दात्रींच्या पेशी वेगवेगळ्या वाढवाव्यात आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत.