वाचकांचे प्रश्न: बेटावरच्या छावणीत नक्की काय सुधारायचं?

प्रश्न: ताई, माझी भाची नर्स आहे, ग्रीसच्या बेटांवर निर्वासितांच्या छावणीत काही महिने काम करायला जायचं म्हणते. घरचे म्हणतात युरोप एवढा पैसा ओततोय तरी तिथले हाल संपत नाहीत, मग ही जाऊन काय होणार? खरंच काही सुधारण्यासारखं आहे का तिथे?
– एक वाचक, कांजूरमार्ग

उत्तर: दादा, पैसा ओतला हे खरंय, पाच बेटांवर नवीन छावण्या बांधायला युरोपियन युनियनने २७६ मिलियन युरो दिले. पण खरी गोम माणसं अडकून पडतात त्यात आहे. मार्च २०१६ मध्ये युरोपियन युनियन आणि तुर्कस्तानमध्ये ठरलं की तुर्कस्तानातून बेटांवर आलेल्यांना परत पाठवायचं, आणि त्यापायी आश्रयासाठी केलेल्या अर्जाचा, म्हणजे केसचा, निकाल लागेपर्यंत बेट सोडायचं नाही असा नियम झाला. निकालाला महिनोन् महिने, बोटी येतच राहिल्या, मग लेस्बोस बेटावरच्या मोरिया छावणीत जागा साधारण ३,००० जणांची आणि २०२० च्या सुरुवातीला माणसं २०,००० च्या आसपास, बाकीचे ऑलिव्हच्या झाडांखाली ताडपत्री ताणून. सप्टेंबर २०२० मध्ये ती जळाली आणि १२,००० च्या वर लोक रस्त्यावर आले.

नंतर २०२१ मध्ये सामोस बेटावर नवीन सेंटर झालं, कंटेनरची घरं, एसी, सगळं आहे, पण भोवती डबल कुंपण, गेटवर एक्सरे मशीन आणि शहरापासून लांब डोंगरात. बॉम्बमधून वाचून आलेल्या पोराला काटेरी तारांमागे ठेवायचं ही सुधारणा मला तरी पटत नाही.

आपल्याकडे फाळणीनंतर कल्याणजवळच्या मिलिटरी बराकींत सिंधी लोकांना ठेवलं होतं, हाल तिथेही झाले, पण ते इथले नागरिक होते, कामधंद्याची मोकळीक होती म्हणून त्या छावणीचं उल्हासनगर झालं. बेटावरच्यांना तेच मिळत नाही. त्यामुळे मला विचाराल तर पहिली मागणी ही की नोंदणी झाली की लोकांना पटापट मेनलँडवर, म्हणजे ग्रीसच्या मुख्य भूमीवर, हलवा, एकटी मुलं, गरोदर बायका, छळ सोसलेले यांना सगळ्यात आधी.

आणि मग संडास. हसू नका, मोरियात बायका रात्री बाहेर जायला घाबरायच्या म्हणून डायपर लावून झोपायच्या. आंतरराष्ट्रीय निकष सांगतो २० माणसांमागे एक संडास, बायकांचे वेगळे, आतून कडी आणि वाटेत लाईट. रात्री जोडीजोडीने सार्वजनिक संडासला जाणाऱ्या आपल्या वस्तीतल्या बायकांना या कडीची किंमत वेगळी सांगायला नको. ती कडी बसवायला २७६ मिलियन लागत नाहीत, कुणीतरी रोज जाऊन बघायला लागतं की ती तुटली तर नाही ना.

भाचीला जाऊ द्या, मी तर म्हणेन आग्रहाने पाठवा. ज्याचा छळ झालाय तो पहिल्या भेटीत पोलिसाला सांगत नाही, मलमपट्टी करणाऱ्या नर्सला सांगतो, आणि तिने ते नीट लिहून पुढे दिलं तर केसमध्ये फरक पडतो. शिवाय तिला हिंदी येतं, पाकिस्तानी लोकांशी ती थेट बोलेल, कितीतरी अफगाणांनाही हिंदी-उर्दू कळतं, आणि दुभाषे तिथे नेहमीच कमी. फक्त जाण्याआधी संस्थेला विचारून घ्या की छावणीत काम करायची सरकारी परवानगी आहे का, आणि ग्रीसमध्ये नर्स म्हणून काम करायला तिचं इथलं रजिस्ट्रेशन चालेल का, हे लेखी घ्या.