तोतया कुणाचा, दावेदार कशाचा?

पंधराव्या शतकातल्या इंग्लंडवरचा मजकूर मराठीत आणताना तुम्ही अडलात तो शब्द 'प्रिटेंडर'. त्याला सरसकट 'तोतया' म्हणावं का, असं तुम्ही विचारलंत. माझं उत्तर: नाही. एकाच पानावर तुम्हाला दोन शब्द लागतील, क्वचित तीन.

मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ हक्क सांगणे असा. सोंग घेण्याचा अर्थ इंग्रजीत ठळक झाला आणि तिथेच अनुवादकाची फसगत होते. मराठीत मात्र हे दोन अर्थ मुळातच वेगळ्या शब्दांत आहेत, आणि ते ओळखायला आपली षष्ठी विभक्ती पुरते. तोतया माणसाचा असतो, दावेदार गादीचा. 'भाऊसाहेबांचा तोतया' हे कानाला बरोबर लागतं. 'गादीचा तोतया' म्हणून पाहा, लगेच खटकतं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो पुढे आला आणि 1776 मध्ये पुण्यात ज्याला देहान्त शिक्षा झाली, त्याच्याबद्दलचा वाद ओळखीचा होता: हा भाऊ आहे की नाही? आजही 'तोतया पोलीस' म्हणताना आपण ओळखीबद्दलच बोलतो.

आता तुमचा मजकूर घ्या. 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत तिसऱ्या रिचर्डला हरवून गादीवर आलेला हेन्री ट्यूडर हा दावेदार. त्याचा दावा आईकडून आलेला आणि बराच लंगडा होता, पण आपण हेन्री ट्यूडर नसून दुसरेच कुणी आहोत असं तो कधी म्हणाला नाही. दावा कितीही कच्चा असला तरी माणूस तोतया होत नाही.

लँबर्ट सिमनेल मात्र अस्सल तोतया. दहाएक वर्षांचा पोरगा. हाच तिसऱ्या रिचर्डच्या यॉर्क घराण्यातला वॉरिकचा अर्ल (सरदार) एडवर्ड, असं सांगून 1487 च्या मे महिन्यात डब्लिनमध्ये त्याला राज्याभिषेक केला. खरा एडवर्ड तेव्हा लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता. हेन्रीने त्याला बाहेर काढून लोकांना दाखवलं. जूनमध्ये स्टोकच्या लढाईत बंड मोडलं. सिमनेलला हेन्रीने मारलं नाही, मुदपाकखान्यात लावलं, विस्तवावरची मांसाची शीग फिरवत बसायला. (इथे 'स्वयंपाकघर' लिहू नका. राजवाड्यासाठी 'मुदपाकखाना' हा नेमका शब्द आपल्याकडे आहे.)

पर्किन वॉरबेकपाशी सांभाळा. चौथ्या एडवर्डचा टॉवरमध्ये नाहीसा झालेला धाकटा मुलगा रिचर्ड तो मीच, असं त्याचं म्हणणं. हेन्रीच्या लेखी तो तोतया. पण त्या राजपुत्राच्या आत्याने, बर्गंडीच्या मार्गारेटने, त्याला भाचा म्हणून जवळ केलं, स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सने आपल्या नात्यातली मुलगी दिली. त्यांच्या तोंडी 'तोतया' घातलात तर वाक्यच खोटं पडेल. तिथे 'दावेदार' लिहा; तो खरा की खोटा, हे त्या शब्दात आधीच ठरत नाही.

शिवाय 'दावा' या शब्दात मराठीने दोन्ही गोष्टी ठेवल्या आहेत: हक्क आणि वैर. दावा सांगणे आणि दावा साधणे. लँकेस्टर आणि यॉर्क, दोन्ही घराणी तिसऱ्या एडवर्डच्या वंशातली. गादीसाठी त्यांच्यात तीसेक वर्षं चाललेल्या लढायांना ('वॉर्स ऑफ द रोझेस') 'भाऊबंदकी' हा शब्द मी बेधडक वापरेन. 'यादवी' चूक नाही, पण भाऊबंदकीत वाटणीचं भांडण आहे, आणि इथे तेच होतं.

तिसरा शब्द लागेल तो टॉवरमधल्या खऱ्या एडवर्डसाठी. वॉरबेकला नोव्हेंबर 1499 मध्ये फाशी दिल्यावर पाचच दिवसांनी याचाही शिरच्छेद झाला. वय चोवीस, त्यातली चौदा वर्षं कैदेत. गादीसाठी त्याने स्वतः तलवार उचलली नव्हती की सैन्य जमवलं नव्हतं. म्हणून त्याला दावेदारही म्हणू नका. 'वारस' लिहा.